मऊ पाकिटं

शनिवारी सकाळी सव्वानऊ वाजता तिसाव्या संचातल्या सर्वांत लहान नाण्यावर त्याला हिरवा ठिपका दिसला. ठिपका मोहरीएवढाही नव्हता. भिंग लावल्यावर तो ठिपका राहिला नाही, पातळ चिकट डाग झाला, कडेला दाट आणि मध्ये विरळ, जणू कोणी फुंकर मारून तो पसरवला होता. त्याने पान खाली ठेवलं, सुती हातमोजे काढले, पुन्हा घातले. हिरवं त्याला नवीन नव्हतं. चोवीस वर्षं तो ते ओळखत होता. पण तिसावा संच बायको गेल्यानंतर घरात आला होता. ती मुलीकडे गेली त्याला दोन वर्षं होऊन गेली होती, आणि हा संच टपालाने आला त्याला सोळा महिने. या सोळा महिन्यांत घरात कोणी इस्त्री केली नव्हती, कोणी ओले कपडे आत आणले नव्हते, किटली उकळत ठेवून कोणी फोनवर बोलत बसलं नव्हतं. तो स्वतः चहा कारखान्यात पीत असे आणि कपडे लाँड्रीत देत असे. घरात आता दोष द्यायला कोणी नव्हतं. हा विचार एखाद्या नोंदीसारखा सरळ आला, त्याने तो नोंदीसारखाच वाचला, आणि मग त्याला बसावंसं वाटलं. खोलीत खुर्ची नव्हती. खुर्ची ठेवली की कोणीतरी बसतं, आणि माणूस बसला की श्वास सोडतो, म्हणून त्याने ती ठेवलीच नव्हती.

खोली दहा बाय नऊची. एकच खिडकी, तिच्या फटींवर रबराची पट्टी, वर जाड पडदा. लोखंडी कपाट भिंतीपासून चार इंच पुढे ओढलेलं, कारण बाहेरच्या बाजूची भिंत गार पडते आणि गार भिंतीला हवेतलं पाणी चिकटतं. कपाटात एकतीस संच. टांकसाळ दरवर्षी त्या वर्षीच्या नाण्यांचा एक संच काढते, बाजारात न गेलेल्या, कोणाच्या बोटांना न लागलेल्या नाण्यांचा. पहिला त्याने लग्नाच्या वर्षी मागवला, आणि नंतर एकही वर्ष चुकवलं नाही. टांकसाळीकडून संच पुठ्ठ्याच्या घडीत येई, वर कडक प्लास्टिकची खिडकी. त्याला तो पुठ्ठा पहिल्यापासून आवडला नाही. पुठ्ठ्यात गंधक असतं, डिंक असतो, कडक खिडकीने ओरखडा पडू शकतो, हे त्याने वाचलं होतं आणि ते खोटं नव्हतं. चौथ्या वर्षी त्याने सगळी नाणी बाहेर काढून मऊ, पारदर्शक पाकिटांच्या पानांत घातली. पाकिटं इतकी मऊ की नाणं त्यात उशीत डोकं रुतावं तसं रुते. स्टेशनरीचं दुकान बंद होत होतं म्हणून त्याने तसली शंभर पानं एकदम घेऊन ठेवली. टांकसाळीच्या घड्या त्याने टाकून दिल्या. त्या दिवशी आपण एखाद्याला वाईट घरातून सोडवून चांगल्या घरी आणलं, असं त्याला वाटलं होतं. हे वाटणं त्याला आजही जसंच्या तसं आठवत होतं.

कारखान्यातही त्याचं काम हेच होतं. औषधांच्या प्रत्येक बॅचमधली काही खोकी त्याच्या ताब्यात येत आणि मुदत संपून वर एक वर्ष होईपर्यंत राहत. बाहेर कोणाला त्या औषधाने त्रास झाला, तर ताडून पाहता यावं म्हणून. तोवर त्यांना काही होऊ द्यायचं नाही. पंचवीस अंश, साठ टक्के ओल, दिवसातून दोनदा नोंद, खाली सही. वर्ष उलटलं की तोच ती खोकी नष्ट करायला पाठवी. राखीव नमुन्यांच्या खोलीवर असल्यामुळे कारखान्यात त्याला सगळे नमुना म्हणत, तोंडावर नाही, पण फार मागेही नाही. लग्न झालं तेव्हा पॅकिंगमधल्या लोकांनी बायकोला गंभीर चेहऱ्याने सांगितलं होतं की वहिनी, हा नमुना राखीव आहे, मुदतीआधी उघडू नका. ती हसली होती, तोंडावर रुमाल धरून, बराच वेळ. नंतर ती घरी कधी कधी त्याला विचारायची, काय, मुदत संपली का. हे तिने कधी बंद केलं ते त्याला सांगता आलं नसतं. त्याची नोंद नव्हती.

ती शिवायची. मशीन याच खोलीत होतं, खिडकीला लागून, कारण दुपारचं ऊन घरात येई ते एवढ्याच खिडकीतून. पोटापुरतं शिवणाऱ्या बायका पुष्कळ होत्या; पण तिची काजं हातची होती, आणि तेवढ्यासाठी दोन-तीन शिंपी अर्धवट शिवलेले कोट तिच्याकडे पाठवीत. काज करताना ती बोलत नसे, ओठ आत घेई, आणि शेवटचा टाका झाला की कापड उन्हात धरून बघे. मग बसवायला वाफेची इस्त्री. इस्त्रीचा फुस्स आवाज, गरम कापडाचा वास, आणि कपाटाच्या दारावर क्षणभर उमटून जाणारी ओल. सातव्या वर्षी पहिलं हिरवं दिसलं. त्याने तीन दिवस विचार केला आणि चौथ्या दिवशी जेवताना सांगितलं. आवाज चढवला नाही. त्याने आयुष्यात तो कधीच चढवला नव्हता. वाफ म्हणजे पाणी, पाणी म्हणजे ओल, ओल म्हणजे हे, असं त्याने समजावलं. शेजाऱ्याच्या मदतीने रविवारी मशीन बाहेर निघालं आणि स्वयंपाकघराकडे जाणाऱ्या बोळात बसलं. तिथे दिवसाही दिवा लावावा लागे. मुलगी तेव्हा पाच वर्षांची होती. तिने विचारलं, “आईला बाहेर का काढलं?” बायको म्हणाली की आईला नाही गं, मशीनला. पण हिरवं थांबलं नाही, म्हणून पुढच्या वर्षी ओले कपडे बंद झाले, मग ओलं पोतेरं, मग खिडकीतली दोन झाडं, मग किटली दार लावून उकळायची असं ठरलं, आणि शेवटी खोलीला कुलूप आलं. प्रत्येक नियमाला कारण होतं आणि प्रत्येक कारण त्याने शांतपणे सांगितलं होतं. वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी तिने हातची काजं सोडली. डोळ्यांतून पाणी येतं, म्हणाली, एखादं दुकान आता त्या जागी नाही असं सांगावं तशा आवाजात. त्याने दुसऱ्या दिवशी बोळात जास्त उजेडाचा दिवा लावून दिला होता. हे आठवून त्याला नेहमी बरं वाटत आलं होतं. आज कपाटासमोर उभं राहून ते पुन्हा आठवलं, आणि बरं वाटायचं राहून गेलं.

महिन्यातला दुसरा शनिवार होता. वाचनालयाच्या वरच्या दालनात नाणी जमवणारे सात-आठ जण भेटत. तिथे तो वीसेक वर्षं जात होता, पण स्वतःचं नाणं त्याने कधी नेलं नव्हतं. डागी नाणी कोण दाखवतो. आणि डाग आपल्या हातचे नाहीत हे प्रत्येकाला सांगत बसावं लागलं असतं. आज त्याने तिसाव्या संचाचं पान वर्तमानपत्रात गुंडाळून नेलं. तिथले जाणते म्हणजे भिंगवाले. ते पूर्वी घड्याळं दुरुस्त करत. डोळ्याचं भिंग कपाळावर चढवलेलं असे आणि ते तसंच घेऊन घरी जात, असं सगळे म्हणत. त्याला पिशवीतून काही काढताना पाहून ते बाकीच्यांना म्हणाले, “बघा रे, आज कपाट चालत आलं.” मग पान हातात घेऊन त्यांनी ते डोळ्यांशी नेलं नाही, नाकाशी नेलं. त्यांनी दोनदा वास घेतला आणि पान त्याच्यापुढे धरलं. त्यानेही घेतला. नव्या रेनकोटचा, नव्या चेंडूचा वास. सत्तावीस वर्षं कपाट उघडलं की हा वास येत होता आणि त्याला तो स्वच्छतेचा वास वाटत आला होता. भिंगवाले सांगत होते की प्लास्टिक मऊ राहावं म्हणून त्यात तेलासारखं काहीतरी घालतात, ते वर्षानुवर्षं पाझरत राहतं, बरोबर आम्ल सुटतं, आणि ते नाण्याला खातं. ओलीचा संबंध नाही. पाकीटच घामतंय. हे आपल्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे, पहिल्या वर्षी आणून दाखवलं असतंत तर त्याच दिवशी सांगितलं असतं. त्याने विचारलं की घरात वाफ असेल तर वाढत असेल ना थोडं. आपण हे अजिजीने विचारतो आहोत हे त्याच्या लक्षात आलं. “वाढेल की,” भिंगवाले म्हणाले, “वाऱ्याने आग वाढते तशी. पण लावली तुम्ही.” बाकीचे हसले, वाईट हेतूने नाही. कोणीतरी त्याच्यापुढे चहा सरकवला. तो म्हणाला की तापमान मात्र मी कधी सव्वीसच्या वर जाऊ दिलं नाही, आणि सगळ्यांनी माना हलवल्या, आजारी माणसाच्या पथ्याचं कौतुक करावं तशा.

तो कोणाच्या शब्दावर काही मानत नसे. घरी येऊन त्याने जुन्या वायरमधली तांब्याची तार सोलली, गॅस पेटवला, तार लाल होईपर्यंत धरली, कोऱ्या पाकिटावर टेकवली आणि पुन्हा ज्योतीत नेली. ज्योत हिरवी झाली, म्हणजे प्लास्टिक ते आम्ल सोडणारंच होतं. ती सुंदर होती, मोराच्या मानेसारखी, आणि तीन सेकंदांत विझली. त्याने दुसरं पाकीट घेतलं, तिसरं घेतलं. नऊ वेळा हिरवी झाली. दहाव्यांदा त्याने स्टीलच्या फडताळावर पडणारा तिचा उजेड पाहिला आणि गॅस बंद केला. पण सगळं तेवढ्याने सिद्ध होत नव्हतं. पाकीट दोषी असेल. वाफ निर्दोष आहे कशावरून. त्यासाठी त्याच्याकडे वह्या होत्या. सहाव्या वर्षापासून तो खोलीतल्या ओलीची रोज नोंद ठेवत होता, वर्षाला एक वही, सव्वीस वह्या. त्या त्याने कधी परत वाचल्या नव्हत्या, नुसत्या लिहिल्या होत्या. खोलीच्या दारात जमिनीवर बसून त्याने एकेका वर्षाची सरासरी काढली. मशीन आत होतं ते वर्ष, चौपन्न टक्के. मशीन बाहेर काढल्यानंतरचं वर्ष, त्रेपन्न. ओले कपडे बंद, त्रेपन्न. झाडं बाहेर, त्रेपन्न. कुलूप, त्रेपन्न. मग शेवटच्या दोन वह्या. चौपन्न. बायको गेल्यावर घर एका टक्क्याने ओलं झालं होतं. त्याने ती बेरीज पुन्हा केली, कारण चूक असती तर बरं झालं असतं. सगळे आकडे त्याच्याच अक्षरात होते, निळ्या शाईत, कुठेही खाडाखोड नाही. बावीस वर्षं तो रोज सकाळी ती निर्दोष असल्याची साक्ष लिहून घेत होता, आणि संध्याकाळी जेवायला बसताना तिला किटलीवरून बोलत होता.

दर रविवारी दहा वाजता तो मुलीकडे फोन करी. बायको तिथे नात होण्याच्या वेळी गेली होती, तीन महिन्यांसाठी. मग नात सहा महिन्यांची होईपर्यंत, मग चालायला लागेपर्यंत. कोणी कोणाला काही म्हटलं नाही. नातेवाईक विचारत तेव्हा तो सांगे की मुलीला मदत लागते, आणि हे खरंच होतं. या रविवारी त्याने मुद्दे कागदावर लिहून घेतले. मुलीने फोन उचलला, बाबा, आवाज बसलाय का तुमचा, असं विचारलं, आणि आईला दिला. त्याने ठिपक्यापासून सुरुवात केली. तार, ज्योत, वह्या, चौपन्न आणि त्रेपन्न. मागे नात कशावर तरी चमचा आपटत होती, आणि तो आवाज संपेल म्हणून बोलताना तो अधूनमधून थांबत होता. चमचा थांबत नव्हता. शेवटच्या मुद्द्यावर त्याने लिहिलं होतं, चूक माझी. ते त्याने वाचून दाखवलं.

“म्हणजे इस्त्रीमुळे नव्हतं,” ती म्हणाली.

“नव्हतं.”

“बरं.”

त्या ‘बरं’मध्ये काही नव्हतं. त्याने काय अपेक्षा केली होती ते त्यालाही नेमकं सांगता आलं नसतं. रडणं, रागावणं, काहीतरी वजनाचं. तिला कळलं नसेल म्हणून त्याने आकडे पुन्हा सांगायला घेतले. ती म्हणाली की ऐकलं, आणि तिला ते माहीत होतं.

“माहीत होतं म्हणजे?”

“मशीन बाहेर काढलं तरी तुमचं हिरवं येतच होतं की. दरवर्षी कपाट उघडून तुम्ही बाहेर आलात की तोंडावर दिसायचं. तेव्हा डोळे चांगले होते माझे.”

“मग बोलली का नाहीस?”

“एकदा बोलले. तुम्ही म्हणालात, भिंतीत मुरलेली वाफ आहे, निघायला वर्षं लागतील.”

त्याला ते आठवत नव्हतं, आणि मग आठवलं. वाक्य नाही, ते बोलताना भिंतीवर ठेवलेला हाताचा तळवा. ती पुढे म्हणाली, तितक्याच सपाट आवाजात, “नंतर मीच म्हटलं, असू दे. तुम्हाला ते माझ्यामुळे झालेलं बरं वाटत होतं.”

चमचा आता थांबला होता. त्याने सांगितलं की खोलीचं कुलूप त्याने काढलं आहे, पडदा काढता येईल, मशीन एका दिवसात पुन्हा खिडकीशी लागेल. मग कागदावर नसलेलं म्हणाला, “ये परत.” ती म्हणाली की मशीन तिने तिथे दुसरं घेतलंय, जुनंच, पण चालतं. इमारतीतल्या पोरांचे फ्रॉक शिवते, मोठं काम नाही. सुईत दोरा आता ओवता येत नाही. जावई सकाळी कामाला जाताना दहा सुया ओवून उशीला टोचून जातात. हे ती सांगत होती तेव्हा तिच्या आवाजात पहिल्यांदा काहीतरी हललं, आणि ते त्याच्यासाठी नव्हतं. तो दहा सुयांचा विचार करत राहिला. त्याला दोरा ओवता आला असता. त्याचे हात फार स्थिर होते. कारखान्यात सगळे म्हणत.

“मी रुसून आलेली नाही,” ती म्हणाली. “आले आणि राहिले. आणि एक सांगू का, दर रविवारी तुम्ही मला नाणी सांगता. आजही नाणीच सांगितलीत. पुढच्या रविवारी दुसरं काहीतरी सांगा. नाहीतर एक दिवस मी लेकीलाच म्हणेन, तूच बोल.”

त्यानंतरचा आठवडा त्याने त्याच शोधात घालवला. आधी वाटलं, सोपं आहे. सोमवारी तो कारखान्यात गेला आणि परत आला, आणि जिन्यात उभं राहून त्याने दिवस तपासला. त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं. मंगळवारी रजा काढून रसायनांच्या दुकानातून शुद्ध अ‍ॅसिटोन आणलं, खिडकीची रबरी पट्टी सुरीने कापून काढली, खिडकी उघडली आणि काचेच्या वाडग्यात एकेक नाणं सोडलं. कडेने धरायचं, घासायचं नाही, नुसतं पडू द्यायचं. हिरवं धुरासारखं सुटून वर येई. काही नाणी खालून नवीकोरी निघाली, काहींवर बारीक खड्डे, त्यांना आता कोणी काही करू शकणार नव्हतं. एकतीसपैकी एकवीस संच वाचले. त्यांना त्याने कडक, वास नसलेल्या प्लास्टिकच्या डब्या आणल्या, शेजारी ओल शोषणाऱ्या पुड्या ठेवल्या. हे सगळं इतकं नीट झालं की सांगायला तोंड उघडलं, आणि आठवलं की हे चालणार नाही. खिडकीतून दुपारचं ऊन रिकाम्या जमिनीवर पडलं होतं, मशीनच्या पायांच्या चार खुणा फरशीवर अजून होत्या, पण हेही नाण्यांचंच झालं असतं. बुधवारी तो उपाहारगृहात दुसऱ्या टेबलाशी बसला. तिथल्या लोकांनी जागा करून दिली आणि ते बोलायचे थांबले. त्याने विचारलं, काय विशेष, तर एक जण म्हणाला, काही नाही, तुमचं काय. माझंही काही नाही, तो म्हणाला. घरी येऊन त्याने आपल्या आयुष्यातून नाणी आणि नमुने वजा करून पाहिले. त्याला भीती वाटली ती उरलेल्या आकड्याची नव्हे. हे गणित तिने कधीच करून ठेवलं असेल, याची.

गुरुवारी संध्याकाळी साडेपाचला बसच्या थांब्यावर कोणाचा तरी कोपर लागून त्याचा चष्मा पडला. चष्म्याशिवाय त्याला माणसं म्हणजे नुसते रंग दिसत. तो पाय न हलवता उभा राहिला, पाऊल टाकलं तर काच फुटेल म्हणून. शेजारची एक बाई म्हणाली, धरा जरा, आणि त्याच्या हातात आपली कापडी पिशवी देऊन ती लोकांच्या पायांत वाकली. तिने सरका हो, सरका म्हणत चष्मा शोधला, आपल्या बाहीला पुसला, त्याच्या हातात दिला, आणि त्याच क्षणी आलेल्या बसमध्ये चढून गेली. तो अहो, पिशवी, असं म्हणाला, पण तो मोठ्याने बोलायची सवय नसलेला माणूस होता. बस गेली. पिशवीत एक कोबी होता, पाच गाजरं आणि कागदात गुंडाळलेला नवा कंगवा. शुक्रवारी साडेपाचला तो पिशवी घेऊन थांब्यावर उभा राहिला, चार बसेस सोडल्या. शनिवारी सुट्टी होती, तरी गेला. प्रत्येक बाईचा चेहरा तो जरा जास्त वेळ पाहत होता आणि बायका दुसरीकडे बघत होत्या. ती कशी दिसते हे त्याला माहीत नव्हतं; तिला त्याने चष्मा लावल्यावर पाठमोरीच पाहिलं होतं.

रविवारी दहाला त्याने फोन लावला. कागद नव्हता. बायको आली तेव्हा त्याने कशी आहेस विचारलं, ती बरी म्हणाली. तो म्हणाला, गुरुवारी माझा चष्मा पडला. सांगताना त्याला वाटत होतं की हे फार लहान आहे, आणि त्याला क्रम नीट लावता येत नव्हता. बस आधी आली की चष्मा आधी मिळाला, इथे तो अडखळला आणि पुन्हा मागून सुरू केलं. पिशवीपाशी येऊन तो संपला.

“मग?” ती म्हणाली.

असं तिने त्याला किती वर्षांनी विचारलं, हे तो मोजायला लागला आणि मोजणं अर्ध्यात सोडलं. मग काय, त्याने शुक्रवार सांगितला, शनिवार सांगितला, चार बसेस सांगितल्या. त्या बाया पोलीस बोलवायच्या एक दिवस, ती म्हणाली. पिशवीत काय आहे ते तिने विचारलं. त्याने कोबी, गाजरं, कंगवा असं सांगितलं, आणि कोबी आणि गाजरं फ्रिजमध्ये चार अंशांवर वेगवेगळी ठेवली आहेत, ती बाई भेटेपर्यंत राहावीत म्हणून.

“आज चौथा दिवस ना? कंगवा ठेवा तिच्यासाठी. कोबी नाही राहायचा.”

“दुसऱ्याचा आहे.”

“तिने दुसरा आणून करून खाल्लाही असेल एव्हाना. तुम्ही काय जेवता रविवारी?”

त्याने खरं ते सांगितलं. पाव, किंवा काही नाही. पलीकडे नातीला कोणीतरी दुसऱ्या खोलीत नेलं, दार लागल्याचा आवाज आला. खुर्ची सरकली. मग ती म्हणाली की फोन ठेवू नका, ओट्यावर ठेवा, आवाज मोठा करा आणि कोबी बाहेर काढा. त्याने काढला. तिने वरची दोन पानं टाकायला सांगितली, त्याने टाकली. सुरी कुठे असते ते तिला त्याच्याआधी आठवलं. मधोमध कापा, कापलेली बाजू खाली करा, म्हणजे हलणार नाही. त्याने विचारलं की किती मिलिमीटर. ती म्हणाली, काही मोजू नका, नुसतं बारीक. तो उभा राहिला, डावा हात कोबीवर, हातमोजा नसलेला, बोटांना पानांचं गार पाणी लागत होतं. त्याने पहिला काप घेतला, दुसरा घेतला, आणि सुरी फळीवर आपटल्याचा आवाज रिकाम्या स्वयंपाकघरात त्याला फार मोठा वाटला.

“जाड होतंय,” ती तिकडून म्हणाली. “ऐकू येतंय मला.”